कोंडलेल्या मेंबरांचा स्वयंपाक

लग्नाचा, बारशाचा, जत्रेचा स्वयंपाक करणाऱ्या बाया पुष्कळ असतात. मी कोंडलेल्या मेंबरांचा स्वयंपाक करत असे. असाही धंदा असतो हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, म्हणून आधी तेच सांगते.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, नगरपालिका असलेलं. सत्तर सालानंतरची पहिली काही वर्षं आमच्याकडे नगराध्यक्षाला लोक मत देत नसत. लोकांनी आपापल्या वॉर्डातला मेंबर निवडायचा आणि निवडून आलेल्या मेंबरांनी आपल्यातल्याच एकाला नगराध्यक्ष करायचं. पंचायत समितीचा सभापती, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, सगळीकडे हीच रीत. गावात मतं हजारोंनी, पण वरच्या खुर्चीचा निकाल एकोणीस माणसांच्या हातात. हजारो माणसं कुणाला पळवता येत नाहीत, एकोणीस येतात. त्यातली दहा ज्याच्याकडे, तो नगराध्यक्ष. म्हणून वॉर्डांचा निकाल लागला की आपले दहा मेंबर जीपमध्ये घालायचे आणि खुर्चीच्या मतदानाच्या दिवसापर्यंत लांब कुठेतरी नेऊन ठेवायचे, म्हणजे समोरच्याला त्यांच्याशी बोलताच येऊ नये. याला सगळे 'सहल' म्हणत. सहलीची माणसं आठ-आठ दिवस एका घरात राहत आणि त्यांना दोन वेळा जेवायला लागे. तिथे आमचा संबंध यायचा.

आमचा म्हणजे खरं तर आमच्या मालकांचा, माझ्या घरधन्यांचा. ते पलटणीत आचारी होते. गावात सगळे त्यांना हवालदार म्हणत आणि त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. पेन्शनीत आल्यावर त्यांनी मोठ्या स्वयंपाकाची कामं घ्यायला सुरुवात केली. मी हाताखाली असे. भाकऱ्या मात्र माझ्याच, कारण पलटणीत त्यांना पुऱ्या आणि रोट्या शिकवल्या होत्या, भाकरी शिकवली नव्हती.

कोंडलेला माणूस लग्नातल्या पाहुण्यासारखा जेवत नाही. पहिल्या दिवशी दाबून जेवतो. दुसऱ्या दिवशी आमटीला नावं ठेवतो. तिसऱ्या दिवशी त्याला घर आठवतं, आणि चौथ्या दिवशी घरचा राग तो ताटावर काढतो. मालकांचा नियम असा, की तिसऱ्या दिवशी मटण करायचं नाही. पिठलं, ठेचा, गरम भाकरी आणि फोडलेला कांदा द्यायचा. घरची आठवण ताटातच भागली तर माणूस फाटकाकडे बघत नाही, असं ते म्हणत. राजकारणातलं मला कळत नसे, पण एवढं मी डोळ्यांनी बघितलं आहे. ज्या सहलीत तिसऱ्या दिवशी पुन्हा रस्सा झाला, तिथून चौथ्या दिवशी एक मेंबर निसटला.

एकदा सांगलीतच, विश्रामबागेत एका बंगल्यात माणसं ठेवली होती. भर वस्तीत कोण शोधणार, असा हिशेब. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "लग्न कुणाचं आहे?" मी काय सांगणार? "व्हायचं हाय अजून," म्हणाले आणि आत पळाले.

आटपाडीकडच्या एका मळ्यातली गोष्ट तर अजून मालक मिटक्या मारत सांगतात. एक मेंबर तिसऱ्या दिवशीही जेवेना. पिठलंसुद्धा तसंच. विचारलं तर म्हणाला, "माझी म्हस माझ्याबिगर कुणाला कासंला हात लावू दीना. बायकोचा निरोप आलाय. मी जातो." त्याला जाऊ दिलं तर दहाचे नऊ होणार. पुढाऱ्यांनी दोन तास खल केला आणि शेवटी ट्रक पाठवून म्हैसच मळ्यावर आणली. मेंबर खूश झाला, आम्हाला दूध मिळालं. पण ट्रकमधून जाणारी म्हैस वाटेतल्या प्रत्येक गावानं बघितली. मेंबराला तोंड झाकून नेता येतं, म्हशीला कसं नेणार? तिची शिंगं अशी वाकडी, की आठ गावांत तिच्यासारखी दुसरी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची पार्टी फाटकात हजर. "म्हशीला भेटाय आलोय," म्हणाली.

हे हसण्यासारखं होतं. पुढची गोष्ट तशी नाही.

त्या वर्षी आमच्याच गावच्या नगराध्यक्षाची निवडणूक होती. एका बाजूला आबा. उसाचे बागायतदार, मोठा माणूस, बोलायला मोकळा. दुसऱ्या बाजूला एक वकील. आबांच्याकडे दहा, वकिलांच्याकडे नऊ. आबांच्या दहांमध्ये एक बाई होती, बायकांसाठीच्या राखीव जागेवरून आलेली. तिचं नाव रशिदाभाभी. तिचा माणूस पिंजारी होता, गाद्या भरायचा. तो वारला, त्यानंतर गल्लीनं तिला उभं केलं आणि आबांनी आपल्या पॅनेलमध्ये घेतलं. बाई असल्यामुळे अडचण अशी झाली, की नऊ पुरुषांबरोबर एकटी बाई आठ दिवस कशी ठेवायची? म्हणून आबा आमच्या दारात आले आणि मालकांना म्हणाले, "हवालदार, ह्या बारीला तुमी ऱ्हावा. वैनींना धाडा. भाभींना सोबत हुईल."

मालकांचा गुडघाही दुखत होता. मला विचारलं नाही कुणी. मी सामान बांधलं. एवढ्या माणसांचा स्वयंपाक मी पहिल्यांदाच एकटी करणार होते.

जागा माण तालुक्यात होती. दहिवडीच्याही पुढे, माळावर एक घर, एक विहीर, लांब मेंढरांची खांडं. नजर जाईल तिकडे कुसळं. घरात पुढे मोकळा सोपा आणि मागे दोन खोल्या. नऊ मेंबर आणि राखणीची चार माणसं सोप्यात पत्ते खेळत. मी आणि भाभी मागच्या खोलीत चुलीपाशी. भाभी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी न सांगता माझ्याबरोबर कांदे चिरायला बसली. मी म्हणाले, "आवं भाभी, तुमी मेंबर हाय. ऱ्हाऊ द्या."

ती म्हणाली, "मेंबर तिकडं सोप्यात बसल्यात. मी हितं बसले, मंजे मी कोण ते बग तूच."

मग तिनं सांगितलं. आबांच्या पॅनेलमधून निवडून आली हे खरं. पण निकालानंतर गल्लीतल्या बायका नळावर जमल्या. सगळ्या पिंजारी गल्लीला एकच नळ, तोही कोपऱ्यावर, पहाटेपासून घागरींची रांग. बायकांनी ठरवलं की वकील दुसरा नळ द्यायला तयार आहे, तर भाभीनं खुर्चीचं मत वकिलाला द्यायचं. भाभीनं सगळ्यांसमोर हो म्हटलं. आणि त्याच दिवशी दुपारी आबांची जीप दारात आली. माणसं म्हणाली, दहिवडीकडं पाण्याची स्कीम बघायला जायचंय, संध्याकाळी माघारी. ती बसली.

"सांज व्हायला किती दीस लागत्यात गं ह्यांच्यात?" ती म्हणाली. "सगळ्या गल्लीचं मत माझ्या पदराला बांधून दिलंय बायांनी. ते घिऊन मी हितं कांदे चिरतीया."

मला पुढाऱ्यांच्या गोष्टीत बोलायची सवय नव्हती. पण त्या दिवसापासून माझं लक्ष तिच्यावरच राहिलं. ती आपल्या मनासारखं मत देऊ शकेल का, एवढाच प्रश्न होता, आणि त्या माळावर तो फक्त आम्हा दोघींना ठाऊक होता.

मतदानाला तीन दिवस राहिले तेव्हा आबा स्वतः आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की एक मत डळमळतंय. कुठलं ते त्यांना माहीत नव्हतं. मत चिठ्ठीवर गुप्त द्यायचं असतं, त्यामुळे नंतर कोण फुटलं ते कळत नाही. म्हणून आधीच बांधून घ्यायचं. आमच्याकडे याला बेलभंडारा उचलणं म्हणतात. देवासमोर बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन बोललेला शब्द माणूस मोडत नाही, असं समजतात. सोप्यात पाट मांडला, त्यावर देवाचा टाक ठेवला, आणि एकेक मेंबर उठून बेलभंडारा उचलून "मत आबास्नी" म्हणू लागला. सगळ्यांत मोठा आवाज नानांचा. नाना गळ्यात माळ घालणारे, मटणाच्या दिवशी त्यांच्यासाठी मला वेगळी चूल घालावी लागे.

नऊ झाले. सगळे भाभीकडे बघायला लागले. ती दारात उभी होती, मी तिच्या मागे.

"भाभींनी कशावर घ्याची?" एक जण म्हणाला.

"कुराण आणा गावातनं," नाना म्हणाले.

भाभी म्हणाली, "असल्या कामाला मी कुराणाला हात लावायची न्हाई. आनि तुमी आणायचं बी न्हाई."

आबांना ते अवघड वाटलं असावं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मीठ तर सगळ्यांचंच. वैनी, वाटीत मीठ आणा."

मी मीठ आणलं. भाभीनं मिठात बोटं घातली. आबा म्हणाले, "म्हणा भाभी, ज्याचं मीठ खाल्लं त्याला मत."

तिनं तसंच म्हटलं. शब्द न शब्द. "ज्याचं मीठ खाल्लं त्याला मत." आणि वाटी माझ्या हातात देऊन मागच्या खोलीत गेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला, तोही गुळाचा कोरा. मी काय ते ओळखलं. मीठ तिच्या पोटात जाऊ नये म्हणून ती उपाशी होती. पण आधीचे चार दिवस खाल्लेलं कसं निघणार? ती भिंतीला टेकून बसली होती आणि हाताची बोटं एकसारखी पदराला पुसत होती.

आता मला एक गोष्ट माहीत होती, जी आबांना माहीत नव्हती आणि तिलाही नव्हती. सहलीचं सामान पुरुष भरतात. ज्वारीचं पीठ, तांदूळ, डाळ, तेल, चटणी, गूळ, चहापत्ती, विड्या, पत्त्यांचे दोन जोड, सगळं त्यांना आठवतं. मीठ आठवत नाही. दर वेळी. मीठ घरात असतंच, ते कुठून येतं हे पुरुषाला ठाऊक नसतं. म्हणून मालकांनी मला सांगून ठेवलं होतं की आचाऱ्यानं मीठ आपलं न्यावं, कारण ते विसरतो दुसरा आणि शिव्या खातो आचारी. त्या वेळीही जीपमध्ये मीठ नव्हतं. मी घरनं डबा आणला होता. मागायची लाज वाटली म्हणून कुणाला सांगितलंही नाही. त्या माळावर सगळ्यांनी चार दिवस खाल्लं ते माझं मीठ. वाटीतलंही माझंच.

हे तिला सांगायला मला दुपार झाली. सकाळपासून मी तीन वेळा तिच्यापाशी जाऊन उभी राहिले आणि तीन वेळा पाणी आणायला विहिरीवर गेले. आबांचं खाऊन मी त्यांच्याच विरुद्ध बोलतेय का, असं वाटे. आबा आमचे अन्नदाते, पुढची कामं त्यांच्याकडनंच यायची. पण मी विरुद्ध काही बोलत नव्हते. जे आहे ते सांगत होते. असं मनाशी घोकून शेवटी मी डबा तिच्यापुढे ठेवला.

"भाभी, ह्यो डबा माझ्या घरचा."

"मग?"

"मीठ ह्यातलंच. पैल्या दिसापासनं. आबांनी मीठ आणलंच न्हाई."

तिनं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वाटीतलं?"

"ते बी."

ती एवढ्या जोरात हसली की सोप्यातले पत्ते थांबले. कुणीतरी ओरडलं, "काय झालं वं?" मी म्हणाले, "काय न्हाई, भाकरी करपली."

"तारा," ती हळूच म्हणाली, "मंजे मी तुझं मीठ खाल्लं. तू उभी अस्तीस तर तुलाच मत द्यावं लागलं अस्तं." मग गंभीर झाली. "तू सांग. तुझं मीठ हाय. कुणाला दिऊ?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. वॉर्डाच्या मतदानाला मालक सांगतील त्या चित्रावर मी शिक्का मारून येत होते. मी म्हणाले, "मला न्हाई कळत भाभी. तुमचं तुमी बगा."

"बगते," ती म्हणाली. "पिठलं हाय का?"

ती दोन भाकऱ्या जेवली.

मतदानाच्या सकाळी मेंबर जीपमधून गेले. मी भांडी घासून, सामान बांधून ट्रकमधून मागून निघाले. गावात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. वेशीतच कळलं की वकिलांना दहा आणि आबांना नऊ. आबांच्या आवारात पंचवीस-तीस माणसं जमली होती. भांडी उतरवून घेणारं कोणी नव्हतं. मी एकटी पातेली उतरवत होते आणि सगळं ऐकू येत होतं.

सगळे भाभीलाच बोलत होते. बाकीच्या नवांनी बेलभंडारा उचलला होता, त्यांच्याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. बाईमाणूस, परकी जात, अजून काय काय. नाना सगळ्यांत पुढे. "मिठावर हात ठिवून फिरली! आबांचं मीठ खाऊन हरामखोरी केली! किडं पडतील."

मी पातेलं खाली ठेवलं. माझं मन मला सांगत होतं की गप घरी जा. पण तोंडातून निघून गेलं. "मीठ आबांचं न्हवतं."

आवाज काही मोठा नव्हता, पण आबांनी ऐकला. "काय म्हणालासा वैनी?"

"सामानात मीठ न्हवतं आबा. मी माझ्या घरनं आणलं हुतं. भाभींनी माझं मीठ खाल्लं. तुमचं न्हाई. त्येनला शिव्या देऊ नगासा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. रागावलेत की काय ते कळेना. मग म्हणाले, "मंजे धाच्या धा मेंबरांनी तुमचं मीठ खाल्लं म्हणा की. मग तुमीच उभं ऱ्हायचं हुतंसा नगराध्यक्षाला."

माणसं हसली. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि घरी आले. मालकांना आधीच कळलं होतं. ते म्हणाले, "तुला कुणी तोंड उघडाय सांगितलं हुतं?" एवढंच. पण आबांच्याकडची कामं त्या दिवसापासून बंद झाली, ती झालीच. आम्ही पुन्हा लग्नांची कामं घेऊ लागलो.

भाभीला पुढे बरंच सोसावं लागलं. बाजारात लोक तिला ऐकू जाईल असं बोलत. पण पिंजारी गल्लीत मात्र तिला मान. तिनं शब्द पाळला, असं बायका म्हणत. वकिलांनीही पाळला. वर्षाच्या आत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नळ आला. पहिली घागर भाभीच्या हातानं भरली. मी बघायला गेले होते. मला आतल्या आत फार बरं वाटलं. हे कुणाला सांगितलं नाही, पण मी मनात धरून होते की माझ्या एका डब्यानं गावचा नगराध्यक्ष बदलला.

त्या सुमारास रेडिओवर राष्ट्रपतींच्या निवडणुकीच्या बातम्या लागत. मालकांना बातम्यांचा नाद. मी विचारलं, "ह्यासनी कोण मत देतंय?" ते म्हणाले, आमदार आणि खासदार. आपण आमदार-खासदार निवडायचे, त्यांनी राष्ट्रपती निवडायचा. शिवाय सगळ्यांच्या मताचं वजन सारखं नसतं. ज्या राज्यात माणसं जास्त, तिथल्या आमदाराचं मत जड. मी म्हणाले, "मंजे आमच्या नगराध्यक्षागतच की. मग त्येनला बी कुठं मळ्यावर नेऊन ठेवत्यात का?" मालक हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "देशभरातली माणसं ती. एवढ्या भाकऱ्या करणारी तू एकटी कुठं पुरायची?"

मग एक दिवस दवंडी आली की नियम बदलला. आता नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा. मतदाराला दोन मतपत्रिका मिळणार, एक वॉर्डाच्या मेंबराची आणि एक नगराध्यक्षाची. सहलीचा धंदा एका दिवसात बुडाला. आमचे एक ओळखीचे जीपवाले होते, ते म्हणाले, "सरकारनं पोटावर पाय दिला." खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण गावाचं रूप पालटलं, हे मी बघितलं. पूर्वी वॉर्डाच्या मतदानाला बायका घरातलं उरकून, कुणी हाकललं तर दुपारी जात. कोण खुर्चीवर बसणार ते आपल्या हातात नाहीच, मग कशाला उन्हात जायचं? आता उमेदवार गल्लीबोळांतून फिरू लागले. चुलीपर्यंत येऊ लागले. आबा पुन्हा उभे होते, वकील पुन्हा उभे होते. एका सकाळी आबा आमच्या दारात आले. मालक बाहेर गेले होते. मला वाटलं, त्यांनाच शोधत आले असतील. पण ते उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहिले. "वैनी, ह्या बारीला जीप न्हाई, दारोदार आलोय. तुमचं मत मागाय आलोय. हवालदाराचं न्हाई, तुमचं." मी चहा दिला. ते बसून पिऊन गेले. मागचं कुणीच काढलं नाही.

थेट निवडणुकीनं सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. नगराध्यक्ष एका बाजूचा आणि मेंबर जास्त दुसऱ्या बाजूचे, असं झालं की सभेत नुसती भांडणं, कामं पडून. तेही आम्ही पुढे भोगलं. पण ते भांडण गावासमोर होत होतं, माळावर नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या भिंतीला लागून बायकांची रांग होती. माझ्या पुढे रशिदाभाभी. या वेळी ती कशालाच उभी नव्हती. पिंजारी गल्लीतल्या बायका सकाळीच सगळ्या मिळून आल्या होत्या आणि आमच्या पुढे उभ्या होत्या. लांब रस्त्यापलीकडे दोन्ही बाजूंची टेबलं होती. आबांच्या टेबलावर त्यांचा पुतण्या. वकिलांच्या टेबलावर, गळ्यात माळ, नाना बसले होते आणि चिठ्ठ्या लिहून देत होते.

भाभीनं मला कोपर मारलं. "त्यो बगितलास? त्या दिशी मला सगळ्यात जास्त शिव्या ह्यानंच दिल्या."

"तवा आबांच्याकडं हुते," मी म्हणाले.

"व्हय, तवा आबांच्याकडं हुता," ती म्हणाली, आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "तारा, मी आबालाच मत दिलं हुतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कवा?"

"तवाच. चिठ्ठीवर. खुदा की कसम. आता मीठ मागू नगंस."

रांग एक पाऊल सरकली. मी सरकले नाही, मागच्या बाईनं ढकललं. मी म्हणाले, "पर मीठ तर माझं हुतं. तुमी सुटला हुतासा."

"सुटले म्हणून तर," ती म्हणाली. "बांधलेली हुते तवर मनात एकच, ह्येंच्या हातनं कसं निसटायचं. तू डबा पुढ्यात ठिवलास, तवा पैल्यांदा बसून इचार केला. माझा माणूस आजारी पडला तवा त्येला मिरजेच्या दवाखान्यात कुणी न्येलं? आबानं, स्वताच्या गाडीनं. वकील त्या वक्ताला आमच्या गल्लीत आला बी नव्हता. हात आपसूक तिकडंच गेला."

"आनि गल्ली?"

ती खाली बघायला लागली. "गल्लीचंच वाईट वाटतंय. मत त्येंचं हुतं, मी माझं देणं फेडलं. आज बरं वाटतंय बग. ज्येचं त्येच्यापाशी."

मी तीन वर्षं काय समजत होते ते तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतं. मी फक्त विचारलं, "मग गावाला का न्हाई सांगितलंसा? एवढं ऐकून घेतलं. आबांना तरी सांगायचं."

"आबाला सांगितलं अस्तं, तर वकिलाच्या कानावर गेलं अस्तं," भाभी म्हणाली. "मग त्येनं नळ काढून न्येला अस्ता की गं."

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करून आत गेली. बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई वाळवायला हात हवेत धरला होता. तिनं शिक्का कुणावर मारला, ते मी विचारलं नाही. माझा नंबर आला होता.